नळाला जड पाणी येतंय? सॉफ्टनरचे पैसे भरण्याआधी हे तपासा

सांगली-मिरज-कुपवाडच्या उपनगरांतून नळकामासाठी जे फोन येतात, त्यांत उन्हाळा लागला की एकच तक्रार सगळ्यात जास्त असते: "पाणी जड झालंय." म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार वाढलेत. विश्रामबाग असो, शंभर फुटी रोड असो की कुपवाडकडच्या नव्या वसाहती. मी पोचेपर्यंत बहुतेक ठिकाणी कुणीतरी सॉफ्टनरचं, म्हणजे पाण्यातला जडपणा काढणाऱ्या यंत्राचं, कोटेशन देऊन गेलेलं असतं आणि घरातली माणसं हप्त्यांचा हिशेब करत बसलेली असतात. माझा अनुभव असा की त्यातल्या बऱ्याच घरांना सॉफ्टनरची गरज नसते. बोअरचं पाणी नको त्या टाकीत शिरत असतं, ते कुठून शिरतं एवढंच शोधायचं असतं.

खालचा क्रम फुकटाच्या तपासणीपासून महागाकडे जातो. तो मोडू नका. शेवटची पायरी आधी केली तर पैसे जातात आणि दोष तिथंच राहतो.

लक्षणं

पाणी खरंच जड असेल तर यातल्या दोन-चार गोष्टी एकदम दिसतात:

- नळाच्या तोंडाशी, शॉवरच्या भोकांत, बादलीच्या कडेला पांढरा खरखरीत थर. नखानं निघत नाही, लिंबू चोळून थोडं थांबलं की सुटायला लागतो.
- साबणाला फेस येत नाही. अंगावरून साबण गेलाच नाही असं वाटतं, केस राठ होतात.
- तूरडाळ नेहमीच्या शिट्ट्यांत शिजत नाही, दाणा दाणा वेगळा राहतो. चहावर तपकिरी तवंग धरतो.
- धुतलेले कपडे वाळल्यावर कडक होतात, पांढरे कपडे मळकट दिसतात.
- गीझर तापायला वेळ लावतो आणि आतून खडखड किंवा उकळल्यासारखा आवाज येतो.
- गार पाण्याची धार नीट, गरम पाण्याची मात्र बारीक.

आणि या तक्रारी जडपणाच्या नाहीत, जरी लोक त्या त्याच नावाखाली सांगत असले तरी:

पाणी दुधाळ दिसतं, पण पेल्यात ठेवल्यावर तळाकडून वर निवळत जातं. ती हवा आहे. पाणी सुटताना लाईनमध्ये हवा दाबली जाते, तिचे बारीक बुडबुडे. काही करायचं नाही. सकाळची पहिली धार तांबूस येते आणि मग साफ होते, तर घरातला जुना जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप आतून गंजलाय. काळे मऊ कण येतात, बोटानं चिरडले की डाग पडतो, तर एखादा रबरी वॉशर किंवा फ्लेक्झिबल पाइपचं अस्तर विरघळतंय. औषधाचा, म्हणजे क्लोरिनचा वास येतो, तर उलट चांगलं. पाणी शुद्ध करून सोडलंय. पण गटाराचा वास आला तर हे सगळं वाचत बसू नका, थेट शेवटच्या भागावर जा.

पहिली तपासणी: विचारा

वॉचमनला विचारा की बोअरची मोटर केव्हा केव्हा चालू केली होती. बंगला असेल तर घरातल्यांना विचारा की टँकर मागवला होता का. गंमत वाटेल, पण पुष्कळ वेळा तपास इथंच संपतो. नळाला दाब कमी आला, वरची टाकी रिकामी दिसली, कुणीतरी बोअरचा व्हॉल्व्ह फिरवला आणि परत बंद करायचा राहिला. उन्हाळ्यात मागवलेला टँकर विहिरीवर किंवा बोअरवर भरलेला असेल तर त्यातलं पाणी बोअरसारखंच.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. महापालिकेचं पाणी कृष्णेचं, शुद्ध करून सोडलेलं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला गेलं तेही कृष्णेचंच. नदीचं पाणी जमिनीवरून वाहत येतं, खडकात मुरून राहत नाही. बोअरचं पाणी मात्र काळ्या मातीतून आणि खालच्या बसाल्टच्या भेगांतून झिरपत आलेलं असतं. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि वाटेतल्या चुनखडीतून, खडकातून कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत खाली उतरतं. जितका जास्त काळ खडकात, तितके क्षार जास्त. नदीकाठच्या ऊसपट्ट्यात वर्षानुवर्षं पाटपाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या, तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी तर जिभेलाच सवळ लागतं. म्हणजे नळाला एकाएकी जड पाणी आलं तर आधी संशय घ्यायचा तो बोअरवर. नदी एका रात्रीत जड होत नाही.

पावसाळ्यात उलटं होतं. आयर्विन पुलापाशी पाणी चढायला लागलं की नदी गढूळ होते आणि तक्रार गाळाची येते, जडपणाची नाही. दोन्हीचा उपाय वेगळा आहे.

दुसरी तपासणी: साबणाची बाटली

तीन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत थेट नळजोडणीचं पाणी, म्हणजे पाणी सुटलेलं असताना मीटरजवळच्या कॉकवरून धरलेलं, टाकीत न गेलेलं. दुसरीत स्वयंपाकघरातल्या नळाचं. तिसरीत नुसतं बोअरचं. अंगाला लावायचा साधा साबण किसून फिल्टरच्या पाण्यात विरघळवा आणि प्रत्येक बाटलीत सारखेच थेंब टाकून झाकण लावून हलवा. कपड्याची पावडर किंवा भांड्याचं लिक्विड वापरू नका. ते जड पाण्यातही फेस देतात, त्यामुळे काहीच कळत नाही.

हलक्या पाण्यात फेस वर उभा राहतो आणि खालचं पाणी स्वच्छ दिसतं. जड पाण्यात फेस लगेच बसतो आणि पाणी दह्याच्या निवळीसारखं गढूळ होतं, कारण साबण कॅल्शियमला चिकटून चोथा होतो. आता फक्त एवढं बघायचं: स्वयंपाकघरातली बाटली कुणासारखी वागते, मीटरच्या की बोअरच्या? मीटरसारखी असेल तर तुमच्या टाकीत मिसळ नाही. बोअरसारखी असेल किंवा मधली असेल, तर मिसळ आहे आणि दोष तुमच्या आवारातच आहे.

तिसरी तपासणी: टीडीएस मीटर, पण डोकं वापरून

पेनासारखा टीडीएस मीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो. तो जडपणा मोजत नाही, हे आधी लक्षात घ्या. पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, त्यात साधं मीठही आलं. म्हणून दारात येऊन मीटर बुडवून "बघा साहेब, किती जड पाणी" म्हणणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका. विजेच्या तारा बुडवून पाणी तांबडं-काळं करून दाखवणारा तर शुद्ध तमाशा आहे. तो रंग इलेक्ट्रोडच्या लोखंडाचा असतो.

मिसळ किती हे शोधायला मात्र हा मीटर फार कामाचा. समजा मीटरपाशी आकडा २५० आला, बोअरचा ९०० आणि वरच्या टाकीत ६५०. टाकीतला आकडा नळापेक्षा ४०० नं वर आहे आणि बोअर नळापेक्षा ६५० नं. ४०० भागिले ६५० म्हणजे साधारण ०.६. तुमच्या टाकीतलं रुपयातलं दहा आणे पाणी बोअरचं आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये "आम्ही बोअर लावतच नाही" म्हणणाऱ्यांपुढे हा हिशेब ठेवा, वाद तिथंच मिटतो.

मोजताना तिन्ही नमुने एकाच वेळी, सारख्या गारव्याचे घ्या. गरम पाण्यात आकडा फसवतो.

जडपणाच मोजायचा असेल तर थेंब टाकून मोजायचं किट मिळतं. पाण्यात आधी गुलाबी-जांभळा रंग येतो, थेंब टाकत गेलं की एका थेंबाला तो निळा होतो. थेंब मोजायचे आणि किटवर लिहिलेल्या आकड्यानं गुणायचं. भारतीय मानक, आयएस १०५००, पिण्याच्या पाण्यातला जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. टीडीएससाठी हेच आकडे ५०० आणि २००० आहेत.

चौथी तपासणी: जाळ्या

धार बारीक झाली म्हणून पाइप फोडायला निघालेली माणसं मी पाहिलीत. आधी नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा. शॉवरची तबकडी काढा. वॉशिंग मशीनच्या मागचा पाइप सोडला की आत एक छोटी जाळी असते, तीही. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व दोन चमचे कोमट पाण्यात घालून त्यात तासभर भिजवा, जुन्या टूथब्रशनं घासा. धार परत आली तर पाइप ठीक आहे. नाही आली, तर अडथळा आत कुठेतरी आहे.

संडास धुवायचं अ‍ॅसिड जाळीला, नळाला लावू नका. थर जातो, पण त्याबरोबर वरचं क्रोमही जातं आणि पुढच्या वेळी क्षार दुप्पट जोरानं धरतात. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, एकानंतर एकही नाही. त्यातून क्लोरिन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो.

पाचवी तपासणी: व्हॉल्व्ह

खरा चोर बहुतेक वेळा इथं सापडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या अपार्टमेंटमध्ये साधारण दोन रचना असतात. पहिलीत नळाचं पाणी खालच्या हौदात पडतं, तिथून मोटरनं वर जातं. बोअरची मोटर वेगळी, पण दोन्ही पाइप वर जाताना एका टी-ला, म्हणजे तीन तोंडांच्या जोडाला, मिळतात. पाइप वाचतो म्हणून बांधतानाच असं करून ठेवलेलं असतं. हौदाच्या बाजूला एक एनआरव्ही बसवलेला असतो, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप. बोअर चालू असताना पाणी मागं हौदात येऊ नये एवढंच त्याचं काम. मी असे एनआरव्ही उघडतो तेव्हा आत पितळी पाकळी असते आणि ती जिथं टेकते त्या कडेवर क्षाराचा एखादा कण बसलेला असतो. पाकळी पूर्ण टेकत नाही. बोअर चालू झालं की दाबाखालचं पाणी त्या फटीतून मागं हौदात उतरतं. वर दोन टाक्या वेगळ्या ठेवूनही काही उपयोग नाही, हौदच मिसळलेला.

तपासणी सोपी आहे. हौदात येणारा नळाचा कॉक बंद करा, हौदाची मोटर बंद ठेवा, बोअर चालू करा आणि हौदाचं झाकण उघडून कान द्या. आत पाणी पडल्याचा आवाज आला किंवा खडूनं केलेल्या खुणेच्या वर पाणी चढलं, तर एनआरव्ही पास होतोय, म्हणजे बंद असूनही पाणी सोडतोय. उघडून साफ केला तर काही महिने जातात. कडा खराब झाली असेल तर नवा टाका. आणि शक्य असेल तर टी काढून दोन्ही पाइप वेगळे वर न्या. एकदा खर्च होतो, पण मग एनआरव्हीवर भरवसा ठेवावा लागत नाही.

दुसऱ्या रचनेत गच्चीवर दोन टाक्या असतात, एक पिण्याची, एक खर्चाच्या पाण्याची, आणि दोघींमध्ये एक बायपास व्हॉल्व्ह. एक टाकी धुताना घरात पाणी बंद पडू नये म्हणून तो ठेवतात. तो नेहमी बंद असायला हवा. पण कधीतरी कुणीतरी तो उघडतो, नाही तर आतल्या सीटवर क्षार बसून तो पूर्ण मिटत नाही, आणि कुणाच्या लक्षात येत नाही. रात्री सगळे झोपल्यावर दोन्ही टाक्यांचे खाली जाणारे कॉक बंद करा, दोन्हींतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी एक उतरून दुसरी चढलेली दिसली तर व्हॉल्व्ह पास होतोय. जुना गेट व्हॉल्व्ह असेल तर तो काढून बॉल व्हॉल्व्ह टाका. गेट व्हॉल्व्हच्या खोबणीत क्षार साचतात, चकती खाली पूर्ण बसत नाही आणि माणूस चाक जोरानं आवळून स्पिंडल मोडतो.

याच वेळी आणखी एक गोष्ट बघा: नळजोडणीला थेट मोटर लावलीय का? उपनगरांत दाब कमी म्हणून हे सर्रास चालतं. नियमाला धरून नाही, ते सोडा. धोका असा की मोटर नळ ओढायला लागली की रस्त्याखालच्या पाइपमध्ये दाबाऐवजी ओढ तयार होते. त्या पाइपला कुठेही फट असली, आणि शेजारून गटार जात असलं, तर ते पाणी आत ओढलं जातं आणि ओढणाऱ्याच्याच घरात पहिल्यांदा येतं. "आमच्याच घरात वास येतो, शेजारी नाही" असं ऐकलं की मी पहिली ती मोटर शोधतो. नळाचं पाणी आपल्या दाबानं हौदात पडू द्या, मोटर हौदाला लावा.

सहावी तपासणी: हौद आणि टाकी

बोअरचं पाणी टाकीत उभं राहिलं की तळाशी पांढरट पीठ साचतं. त्यात उन्हाळ्यात शेवाळ, झाकण फुटलं असेल तर पालापाचोळा. क्षार आणि घाण यांची सरमिसळ झाली की लक्षणंही सरमिसळ होतात, म्हणून टाकी धुतल्याशिवाय पुढचा निष्कर्ष काढू नका.

टाकी घासून, गाळ काढून, एकदा साध्या पाण्यानं धुवून घ्या. पिण्याच्या टाकीत पाणी भरल्यावर चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, बादलीत कालवून, निवळी घालतात आणि अर्धा तास थांबतात. पावडर उघड्यावर ठेवून जुनी झाली असेल तर तिच्यात दम राहत नाही. म्हणून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरलाय का ते दाखवणारी चाचणी, करा: थोड्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले की पिवळा रंग आला पाहिजे. नळाच्या टोकाला क्लोरिन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरावं असं मानक सांगतं.

हौद खोल असेल तर एकट्यानं आत उतरू नका. बरेच दिवस बंद असलेल्या हौदात प्राणवायू कमी असतो. झाकण उघडं ठेवा, वाट बघा, बाहेर एक माणूस उभा ठेवा. हौदात पेट्रोलवर चालणारा पंप कधीही उतरवू नका, त्याचा धूर मारतो.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या हौदात आणि बोअरमध्ये पुराचं पाणी शिरलं त्यांना माहीत आहे, तिथे नुसतं धुवून भागत नाही. बोअर उपसून, क्लोरिन टाकून, पाणी तपासल्याशिवाय ते तोंडात घालू नये.

सातवी तपासणी: गीझर आणि सोलर

जड पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेला चुना परत दगड होऊन बसतो, तोही सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवर. कॉइल आतल्या आत तापते, पाण्याला उष्णता पोचत नाही, आवाज येतो आणि एक दिवस कॉइल जळते. म्हणूनच थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवा. साठच्या वर गेलं की थर भराभर धरतो. टाकीच्या गीझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती स्वतः झिजून टाकीचा पत्रा वाचवते. क्षारांच्या पाण्यात ती लवकर संपते. वर्षा-दोन वर्षांनी गीझर उघडाल तेव्हा ती बघायला सांगा.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. गीझरच्या खाली जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्यातून थेंब थेंब पाणी गळतं म्हणून लोक तिथं एम-सील भरतात किंवा बूच मारतात. असं करू नका. आतला दाब वाढला की तो व्हॉल्व्ह पाणी सोडतो, तेच त्याचं काम. बूच मारलेला गीझर फुटू शकतो. क्षार बसून तो सतत गळत असेल तर बदला. त्याची किंमत फार नसते.

सोलरमध्ये आपल्याकडे दोन प्रकार आहेत. तांब्याच्या बारीक नळ्यांच्या पॅनेलमध्ये बोअरचं पाणी सोडलं की नळ्या आतून बंद होत जातात. काचेच्या ट्यूबचा प्रकार जड पाणी जास्त सोसतो, तरी त्याचाही गाळ काढावा लागतो. सोलरला पाणी कोणत्या टाकीतून जातं ते बघा. खर्चाच्या टाकीतून जात असेल तर जोड बदलून नळाच्या टाकीवर घेणं हा सॉफ्टनरपेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे. आणि टाकीवरची हवेची उभी नळी क्षारांनी बुजली नाही ना, याची खात्री करा. ती बुजली की टाकीत दाब किंवा पोकळी तयार होते आणि टाकी फुगते किंवा चेमटते.

आठवी तपासणी: प्रयोगशाळा

इथंपर्यंत येऊनही पाणी जड असेल, म्हणजे मिसळ नाही, घरात बोअरच एकमेव आधार आहे, तर मग पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात आहेत. स्वच्छ धुतलेल्या बाटलीत, दोन-तीन मिनिटं नळ सोडून मग नमुना घ्या. जंतूंची तपासणी करायची असेल तर बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली आणा आणि गार ठेवून लगेच पोचवा.

एकूण जडपणा, टीडीएस, क्षारता, क्लोराइड, लोह, फ्लोराइड, नायट्रेट एवढं मागा. मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. उसाला भरपूर युरिया पडणाऱ्या भागात बोअर असेल तर हा आकडा आधी बघा, विशेषतः घरात तान्हं बाळ वरच्या दुधावर असेल तर. नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट घट्ट होतं.

जडपणाबद्दल लोकांच्या मनात मुतखड्याची भीती फार. जागतिक आरोग्य संघटनेनं जडपणाला आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. ज्यांना आधीच खड्यांचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं, आरओ विकणाऱ्याला नाही.

आता सॉफ्टनर

सॉफ्टनरमध्ये राळेचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्या बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुवून परत ताजे करायचे. म्हणजे टीडीएस कमी होत नाही, हे विकत घेतानाच समजून घ्या. नाही तर मीटर बुडवून "फसवलं" म्हणाल.

आकार ठरवायला साधा हिशेब. जडपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि घराला रोज हजार लिटर खर्चाचं पाणी लागतं, तर रोज ५०० ग्रॅम जडपणा काढायचा. एक लिटर राळ एका फेरीत साधारण ५० ग्रॅम धरते. २५ लिटर राळेचं यंत्र अडीच दिवस चालेल आणि प्रत्येक धुण्याला तीनेक किलो मीठ खाईल. विक्रेता "महिन्यातून एकदा मीठ टाका" म्हणाला तर हा हिशेब त्याच्यापुढे मांडा. पाण्यात लोह असेल तर आधी ते काढावं लागतं, नाही तर मणी तांबडे पडून निकामी होतात.

सॉफ्टनरचं पाणी आंघोळीला, कपड्यांना, गीझरला. रक्तदाबाचा रुग्ण घरात असेल तर पिण्याला नको. झाडांना तर मुळीच नको, सोडियमनं काळी माती चिकट होते. पिण्यासाठी आरओ घ्यायचा का, हे टीडीएस ५०० च्या वर असेल तरच विचारात घ्या. नळाचं पाणी त्याच्या खाली असेल तर जंतू मारणारा साधा यूव्ही पुरतो, आणि आरओ जेवढं पाणी गाळून देतो त्याहून जास्त बहुतेक वेळा मोरीत सोडतो.

पाइपला बाहेरून बांधायचे चुंबकाचे पट्टे मिळतात. ते लावल्यावर मोजून बघा, जडपणाचा आकडा होता तिथंच राहतो. मी ते बसवून देत नाही.

इथं थांबा, माणूस बोलवा

नळाला किंवा शॉवरला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर त्याच क्षणी गीझरचा एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डातला स्विच, पाडा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. कॉइल फुटून वीज पाण्यात उतरलेली असू शकते. अर्थिंग तपासल्याशिवाय परत चालू करायचं नाही. कॉइल काढणं, गीझरची टाकी उघडणं, थर्मोस्टॅट बदलणं ही कामं वीज समजणाऱ्या माणसाचीच.

बोअरची मोटर वर काढणं, केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातला पाइप, फुटून वरची माती आत येणं, पाण्यातून एकाएकी वाळू यायला लागणं, ही कामं बोअरवाल्याची. दोर बांधून स्वतः ओढायला गेलात तर मोटर अडकते आणि बोअरच जातं.

एनआरव्ही आणि व्हॉल्व्ह भिंतीत किंवा स्लॅबमध्ये गाडलेले असतील तर प्लंबरला बोलवा आणि त्याला तिन्ही जागांचे टीडीएस आकडे आधी सांगा. त्याचे निम्मे फोडकाम वाचेल.

मीटरच्या आधी, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, काहीही असलं तरी हात लावू नका. मीटरपाशी धरलेल्या पाण्यालाच गटाराचा वास असेल, ते गढूळ पिवळं असेल, किंवा गल्लीत एकाच आठवड्यात दोन-तीन घरांत जुलाब-कावीळ असेल, तर महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात तक्रार द्या. तक्रारीत पाणी किती वाजता सुटलं, वास सुरुवातीच्या धारेला होता की शेवटपर्यंत, आणि आजूबाजूच्या कोणत्या घरांत तसंच आहे, हे लिहा. फक्त पहिल्या धारेला वास असेल तर गळती बहुधा जवळच असते, आणि शोधणाऱ्याला कुठे खणायचं ते कळतं. दुरुस्ती होईपर्यंत हौदाचा कॉक बंद ठेवा, हौदातलं पाणी उपसून टाका, आणि पिण्याचं पाणी दुसरीकडून आणून खळखळून उकळून घ्या.